ओमानच्या वादीत पोहायला जाताय? या चुका टाळा

डिसेंबर जवळ आला की डिचोलीत माझ्याकडे कुणी ना कुणी येतंच. मुलगा मस्कतला, जावई सोहारला, यंदा आम्ही जाणार, वादी शाबमध्ये पोहायचंय. बारा वर्षं मी तिथे, ओमानमध्ये, नोकरी केली म्हणून विचारतात. वादी म्हणजे डोंगरातली घळ, एरवी कोरडी नाहीतर डोहांची, पाऊस झाला की नदी होणारी. आणि सांगायला लागलो की ऐकवतात, "आम्ही गोव्याचे, आम्हांला पाण्याचं काय सांगता?"

चुकतं ते इथेच. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, मस्कतला १०० च्या आसपास. पण तो पडतो तेव्हा एखाद्या दुपारीच कोसळतो. उघड्या खडकावर ना माती, ना रान. मुरायला जागाच नाही, सगळं पाणी एकदम घळीत येतं.

त्यामुळे सगळ्यांत घातक चूक म्हणजे डोक्यावरचं आभाळ बघून पाण्यात उतरणं. एका एप्रिलात आम्ही पाचजण अशाच एका वादीत होतो. भाचा नुकताच फोंड्याहून आलेला. वर स्वच्छ ऊन, लांब 'अल हजर' नावाच्या डोंगररांगेवर तेवढे काळे ढग. "मामा, ते कुठे आणि आपण कुठे!" भाचा म्हणाला, आणि मी मान डोलावली. चपला पाण्यापासून हातभर उंच दगडावर काढल्या, डबे उघडले. थोड्या वेळाने खजुराच्या वाळक्या झावळ्या आणि शेळ्यांच्या लेंड्या तरंगत आल्या. तळ दिसणारं पाणी बघता बघता चहासारखं झालं. वरच्या बागेतला एक म्हातारा दोन्ही हात हलवून ओरडत होता. डबे तिथेच टाकून आम्ही कडा चढलो. वळून पाहिलं तर चपलांचा दगड दिसेना. मग भरलेला ट्रक उतारावरून यावा तसा आवाज आला आणि एक अख्खं झाड समोरून वाहत गेलं. आमच्या अंगावर पावसाचा थेंबही पडला नव्हता. त्या दिवशी मी मान डोलावली, हे मला आजही सलतं.

तेव्हापासून डोंगरावर ढग दिसले की मी परत फिरतो, मग कितीही लांबून आलेलो असो. उतरण्याआधी चढायची जागा हेरतो. पाण्याच्या काठाला एक दगड खूण म्हणून ठेवतो आणि त्याच्यावर नजर ठेवतो. पाणी गढूळ झालं की सामान गोळा करत बसायचं नाही. प्रवाहाच्या दिशेने पळायचं नाही, बाजूला वर चढायचं.

वाहत्या वादीत गाडी घालणं तर ओमानमध्ये गुन्हाच आहे. १४ एप्रिल २०२४ ला समद अल शानला शाळकरी मुलांची गाडी वाहून गेली. समोरची गाडी पार झाली म्हणून आपलीही होईल, असं धरून चालू नका.

डोकं खाली करून सूर मारू नका. प्रत्येक पुरात तळाचे दगड हलतात, मागच्या वर्षीचा डोह यंदा कमरेएवढा असू शकतो.

दुसरा माझा आग्रह लाइफ जॅकेटचा. वादी शाबला होडीने पलीकडे जायचं, पाऊण तास दगडांतून चालायचं आणि मग एकामागून एक डोह पोहायचे. शेवटी जेमतेम डोकं मावेल अशी फट, पलीकडे गुहा आणि धबधबा. कळंगुटचं खारं पाणी माणसाला उचलून धरतं, हे गोडं पाणी तसं धरत नाही. उन्हात चालून पोटऱ्या दमलेल्या असतात, गोळा येतो आणि कातळ एवढा गुळगुळीत की धरायला काही सापडत नाही. फोटोसाठी जॅकेट काढणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. परतही पोहूनच यायचंय, हे त्यांच्या लक्षातच नसतं.

कपडे अंगभर घाला, वादीलगत गावं असतात. साबण, शॅम्पू नको, तेच पाणी पुढे खजुराच्या बागांना जातं.

पोलिसांचा नंबर ९९९९, पण घळीत रेंज मिळेलच असं नाही. म्हणून निघण्यापूर्वी मी फ्रिजवर चिठ्ठी लावायचो. वादीचं नाव, गाडी कुठे लावणार आणि किती वाजेपर्यंत आलो नाही तर फोन करायचा.