केलेमव्होरचा क्लेरिक: मृतांच्या देवाचा पुजारी मेलेल्याला उठवतो तेव्हा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिकाखेळाच्या टेबलावर क्लेरिक, म्हणजे देवाच्या शक्तीने जादू करणारा पुजारी, आला की दोन वाद हमखास होतात. एक नियमांचा: एका हातात गदा, दुसऱ्या हातात ढाल, मग हा स्पेल (जादूचा मंत्र) टाकता येतो का? दुसरा देवाचा: तुझ्या देवाला हे चालेल का? दोन्ही वाद एकमेकांत गुंतले की सेशनचा अर्धा तास गेलाच. म्हणून क्रम ठरवून घ्या. आधी नियमात काय लिहिलंय ते वाचा. नियम जिथे गप्प आहे, तिथे देवाच्या स्वभावाला बोलू द्या. हे समजून घ्यायला केलेमव्होरइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण तो मृतांचा देव आहे आणि मेलेल्याला परत आणणारे स्पेल त्याच्याच पुजाऱ्याच्या यादीत आहेत.

सुरुवातीलाच आवृत्ती ठरवा. खालचं सगळं पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांवर आहे. २०२४च्या सुधारित नियमांत बऱ्याच गोष्टी सरकल्या आहेत: जखम भरणारा हीलिंग वर्ड १डी४ऐवजी (चार बाजूंचा एक फासा) २डी४ झाला, स्पिरिच्युअल वेपन या स्पेलला आता कॉन्सन्ट्रेशन (स्पेल टिकवायला लागणारी एकाग्रता) लागतं, डोमेन (क्लेरिकची खास शाखा) पहिल्याऐवजी तिसऱ्या लेव्हलला मिळतं. एकाने जुनं पुस्तक उघडलेलं आणि दुसऱ्याने नवं, अशा टेबलावर दोघंही बरोबर असतात आणि भांडण मिटत नाही. बाल्डर्स गेट ३ हा व्हिडिओ गेम खेळून टेबलावर येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, तिथे एकाच टर्नमध्ये (आपल्या पाळीत) स्लॉटचे, म्हणजे जादूच्या मोजक्या साठ्यातून खर्च होणारे, दोन स्पेल टाकता येतात आणि नुकत्याच मेलेल्याला उठवणाऱ्या रिव्हिव्हिफायला हिरे लागत नाहीत. टेबलावर दोन्ही चालत नाही.

देव कोण आहे

फॉरगॉटन रेल्म्सच्या जगात केलेमव्होर मुळात माणूस होता, भाडोत्री योद्धा. तिथल्या डेलरेकनिंग या कालगणनेत १३५८मध्ये बेन आणि मिर्कुल या देवांनी भाग्याच्या पाट्या चोरल्या. सगळ्या देवांच्या वरचा जो आयो, त्याने संतापून हेल्म सोडून बाकी सर्व देवांना पृथ्वीवर मर्त्य रूपात ढकललं. त्या धामधुमीत बेन, भाल आणि मिर्कुल तिघेही मेले. केलेमव्होरची सोबतीण मिडनाइट पुढे जादूची देवी मिस्त्रा झाली, तर त्यांच्यातलाच सिरिक मृतांचं राज्य बळकावून बसला. केलेमव्होर सिरिकच्या हातून मारला गेला होता. दहाएक वर्षांनी तोच सिरिकच्या जागी मृतांचा न्यायाधीश झाला.

खेळाडूच्या कामाचा भाग यानंतरचा आहे. देव झाल्यावर केलेमव्होरने सुरुवातीला भल्या माणसांना मृत्यूनंतर सुख द्यायला घेतलं. परिणाम असा की शूर, सज्जन लोक मरणाला भिईनासे झाले आणि जगण्याबद्दल बेफिकीर झाले. बाकीचे देवही बिथरले. तेव्हा त्याने दया बाजूला ठेवली आणि निःपक्ष न्याय धरला. त्याचं चिन्ह उभा हाडांचा हात आणि त्या हातात समतोल तराजू असं आहे. अलाइनमेंट, म्हणजे नैतिक कल, लॉफुल न्यूट्रल: नियम पाळणारा, चांगल्या-वाईटात तटस्थ. त्याला क्रूर समजून काळा झगा घालून गुरगुरणारा पुजारी खेळू नका. त्याचे पुजारी मरणाऱ्याच्या उशाशी बसतात, अंत्यविधी नीट पार पाडतात आणि अनडेड (मेल्यावरही वावरणारा) दिसला की नष्ट करतात. मृत्यू हा आयुष्याचाच भाग आहे आणि त्याच्या वेळेला तो येऊ द्यावा, एवढंच त्यांचं म्हणणं.

या जगातल्या फेरून खंडातला सामान्य माणूस एकाच देवाला धरून बसत नाही. आपल्याकडे कुलदैवत एक असलं तरी नवस दुसरीकडे बोलतात, तसंच. खलाशी समुद्रात निघण्याआधी समुद्राची देवी अंबरली हिला काही अर्पण करतो ते भीतीपोटी, प्रेमाने नव्हे. क्लेरिकचं मात्र एकच दैवत असतं, कारण त्याची शक्ती तिथून येते.

कागदावर काय लिहायचं

केलेमव्होरसाठी मूळ पुस्तकातल्या यादीत डेथ डोमेन दिलंय, पण ते खलनायकांच्या अंगाने लिहिलेलं आहे. २०१७ साली आलेलं ग्रेव्ह डोमेन त्याला खरं शोभतं. डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची, परवानगी असेल तर तेच घ्या.

पाचव्या लेव्हलचा क्लेरिक धरू, विस्डम १८. म्हणजे मॉडिफायर +४, प्रोफिशियन्सी +३. स्पेल सेव्ह डीसी (स्पेल चुकवायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) ८ + ३ + ४ = १५, स्पेल अटॅक +७. स्लॉट पहिल्या लेव्हलचे ४, दुसऱ्याचे ३, तिसऱ्याचे २. प्रिपेअर करायचे स्पेल ५ + ४ = ९, आणि डोमेनचे ६ वेगळे. हे सहा नेहमी तयार असतात आणि नवात मोजत नाहीत. नवे खेळाडू इथे हटकून चुकतात आणि सहा स्पेल गमावून बसतात.

दुसरी चूक चिलखताची. लाइफ डोमेनला जड चिलखत मिळतं, ग्रेव्हला नाही. चेन मेल घालून बसलात तर स्पेलच टाकता येणार नाहीत, शिवाय स्ट्रेंग्थ आणि डेक्स्टेरिटीच्या रोलवर डिसॲडव्हांटेज (दोन फासे टाकून लहान आकडा घ्यायचा). स्केल मेल आणि ढाल घ्या, संरक्षणाचा आकडा: १४ + डेक्स्टेरिटी (जास्तीत जास्त २) + २.

हात किती आणि काय धरलंय

स्पेलच्या घटकांची ओळ वाचा. व्ही म्हणजे आवाज, एस म्हणजे हाताची खूण, एम म्हणजे वस्तू. पवित्र चिन्ह ढालीवर कोरलेलं असेल तर ते किंमत न लिहिलेल्या वस्तूची जागा घेतं, आणि वस्तू धरलेल्या हातानेच खूणही करता येते. म्हणून गदा आणि ढाल दोन्ही धरून ब्लेस, बेन (देव नव्हे, स्पेल), स्पिरिट गार्डियन्स टाकता येतात. त्या तिन्हींत एम आहे. पण क्युअर वून्ड्स, गाइडिंग बोल्ट, स्पिरिच्युअल वेपन, टोल द डेड यांत व्ही आणि एसच आहेत, एम नाही. तिथे चिन्हाचा उपयोग नाही, एक हात रिकामाच लागतो. ऐकायला उफराटं वाटतं, पण नियम असाच आहे. हीलिंग वर्डला फक्त आवाज लागतो, म्हणून तो कधीही चालतो.

दर टर्नला एक वस्तू फुकट काढता किंवा ठेवता येते. गदा म्यान केली की स्पेल टाकता येतो, पण परत काढायला पुढचा टर्न. वॉर कास्टर ही फीट (ऐच्छिक खास कौशल्य) घेतली तर प्रश्नच मिटतो. सरळ उपाय मात्र वेगळा आहे: गदा कमरेलाच राहू द्या. टोल द डेड आधीच जखमी असलेल्या शत्रूला पाचव्या लेव्हलला २डी१२ डॅमेज करतो. गदा त्याच्या जवळपासही जात नाही. मृत्यूची घंटा वाजवणारा हा स्पेल या देवाला साजेसाही आहे.

एका टर्नमध्ये काय बसतं

नियम असा: बोनस ॲक्शनने (टर्नमधली जादा छोटी कृती) कुठलाही स्पेल टाकला, तर त्या टर्नमध्ये दुसरा स्पेल फक्त एक ॲक्शन लागणारा कँट्रिप (स्लॉट न लागणारा स्पेल) असू शकतो. ग्रेव्ह क्लेरिक मरणाऱ्याला सावरणारा स्पेअर द डाइंग ३० फुटांवरून बोनस ॲक्शनने टाकतो. तो स्वतः कँट्रिप आहे, म्हणून लोकांना वाटतं ॲक्शनने गाइडिंग बोल्ट चालेल. चालत नाही. अट बोनस ॲक्शनला लागते, स्लॉटला नाही. २०२४मध्ये हे सोपं केलंय: एका टर्नमध्ये एकच स्लॉट खर्च होतो, बस्स.

ग्रेव्ह डोमेनचा पाथ टू द ग्रेव्ह हा स्पेल नाही, चॅनल डिव्हिनिटी (देवाकडून मिळणारी मोजकी शक्ती) आहे. ती ॲक्शन घेते, त्यामुळे त्याच टर्नमध्ये बोनस ॲक्शनने हीलिंग वर्ड चालतो. ३० फुटांतल्या एका शत्रूला शाप लागतो आणि तुमच्या पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत त्याला तुमच्यापैकी ज्याचा पहिला हल्ला लागेल, त्या हल्ल्याचं सगळं डॅमेज दुप्पट होतं. इथेच घोळ होतो. क्लेरिक शाप देतो आणि लगेच बोनस ॲक्शनने स्पिरिच्युअल वेपन फिरवतो. ते लागलं की दुप्पट झालं १डी८ + ४, आणि शाप संपला. त्याऐवजी हात आवरा आणि रोगला (लपूनछपून वार करणाऱ्या सोबत्याला) पुढे करा. पाचव्या लेव्हलचा रोग रेपियर आणि स्नीक अटॅकसह सरासरी १९ करतो, शापाने तेच ३८. म्हणून शाप देण्याआधी तुमच्यानंतर कोणाचा टर्न येतो ते डीएमच्या क्रमयादीत पाहून घ्या.

पाचव्या लेव्हलला चॅनल डिव्हिनिटी एका विश्रांतीत एकदाच. तीच ‘टर्न अनडेड’ला, म्हणजे अनडेडना पळवून लावायलाही लागते. ३० फुटांतले, तुम्हाला पाहू किंवा ऐकू शकणारे अनडेड विस्डम सेव्ह हरले तर एक मिनिट पळत सुटतात, आणि सीआर (शत्रूची ताकद मोजणारा आकडा) १/२ किंवा कमी असेल तर जागच्या जागी नष्ट होतात. सांगाडे, झॉम्बी, शॅडो यांत येतात. घूल सीआर १चा, तो फक्त पळतो, आणि त्याला कोणी डॅमेज केलं की पळणं थांबतं. मित्रांना आधीच सांगून ठेवा, पळणाऱ्यावर बाण सोडू नका.

कॉन्सन्ट्रेशन एकाच स्पेलवर. डॅमेज झालं की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, डीसी १० किंवा डॅमेजच्या निम्मं, यातलं जे मोठं. २६ लागले तर १३. प्रत्येक घावाला वेगळा रोल. गायडन्सलाही कॉन्सन्ट्रेशन लागतं, हे विसरून ब्लेस चालू असताना टाकला की ब्लेस जातो.

शून्य हिट पॉइंटवर, म्हणजे जीवनशक्ती संपून, पडलेल्याला उठवताना ग्रेव्ह क्लेरिकचे फासे टाकायचेच नसतात, प्रत्येक फाशाचा सर्वांत मोठा आकडा धरायचा. हीलिंग वर्ड ४ + ४ = ८, क्युअर वून्ड्स ८ + ४ = १२. यावरून काही जण मित्र पडेपर्यंत थांबायचं धोरण ठेवतात. वरच्या लेव्हलला ते बऱ्यापैकी चालतं. पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला नको: शून्यानंतर उरलेलं डॅमेज एकूण हिट पॉइंटइतकं झालं तर कॅरेक्टर तिथेच मरतं, हीलिंग वर्डचा संबंधच उरत नाही.

आता मूळ प्रश्न

केलेमव्होरचा पुजारी मेलेल्याला उठवतो का? नियम काय म्हणतो ते पाहा. ग्रेव्ह डोमेनच्या नेहमी तयार स्पेलमध्ये पाचव्या लेव्हलला रिव्हिव्हिफाय आहे आणि नवव्या लेव्हलला रेझ डेड. म्हणजे वाद तिथेच मिटला. त्याचं वैर अनडेडशी आहे. अवेळी गेलेला जीव परत येण्याशी त्याचं भांडण नाही. सीमाही नियमातच आखलेली आहे: म्हातारपणाने मेलेला रिव्हिव्हिफायने परत येत नाही. मृत्यूला त्याच्या वेळेला येऊ द्यावं, हेच तर देव सांगतो.

रिव्हिव्हिफायला मृत्यू होऊन एका मिनिटाच्या आत, म्हणजे दहा राउंडच्या आत टाकावं लागतं, आणि ३०० सोन्याच्या नाण्यांचे हिरे खर्ची पडतात. किंमत लिहिलेली असल्याने ढालीवरचं चिन्ह इथे चालत नाही, हिरे हातात घ्यावे लागतात. बॅगेत हिरे कोणाकडे आहेत हे मोहिमेवर निघण्याआधी कागदावर लिहा. मेलेल्याच्याच बॅगेत हिरे निघाल्याने नाट्य वाढतं, पण एक टर्न जातो. रेझ डेडला ५०० नाण्यांचा हिरा आणि एक तास लागतो, मृत्यू दहा दिवसांच्या आतला हवा, आणि उठलेल्याला अटॅक, सेव्ह आणि चेकवर -४, जो दर लाँग रेस्टला (लांब विश्रांतीला) एकने कमी होतो.

वेळ अपुरा असेल तर जेंटल रिपोज, तोही डोमेनमध्येच आहे. शव दहा दिवस कुजत नाही, अनडेड होत नाही, आणि ते दिवस रेझ डेडसारख्या स्पेलच्या मुदतीत मोजले जात नाहीत. रिव्हिव्हिफायचं मिनिटही थांबतं का, हे डीएमकडून आधीच वदवून घ्या, कारण स्पेलच्या मजकुरात शब्द ‘दिवस’ असा आहे. थांबतं असं ठरलं तर स्लॉट खर्चूनच टाका. रिच्युअलने, म्हणजे स्लॉट न खर्चता विधी करून, टाकायला दहा मिनिटं जास्त लागतात आणि तोवर मिनिट संपलेलं असतं.

आणखी एक गोष्ट बहुतेक टेबलं विसरतात. डीएमसाठीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की आत्म्याची इच्छा नसेल तर तो परत आणता येत नाही, आणि उठवणाऱ्याचं नाव, अलाइनमेंट व दैवत त्याला कळतं. अंधाराची देवी शार हिच्या भक्ताला तिची वैरीण, चंद्राची देवी सेलूने हिच्या पुजाऱ्याने हाक मारली तर तो नकार देऊ शकतो. म्हणून उठवण्याआधी मेलेल्या कॅरेक्टरच्या खेळाडूला विचारा, “येतोस का?” हा प्रश्न औपचारिक नाही. उत्तर ‘नाही’ आलं तर केलेमव्होरच्या पुजाऱ्याने ते मान्य करून अंत्यविधी करावा. या देवाचा क्लेरिक खेळण्यातला सर्वांत सुंदर प्रसंग तोच असतो.

ॲनिमेट डेड, म्हणजे प्रेताला अनडेड बनवणारा स्पेल, क्लेरिकच्या यादीत आहे, त्यामुळे नियम अडवत नाही. इथे मात्र देव बोलतो: तो प्रिपेअरच करू नका. स्पीक विथ डेड बिनदिक्कत वापरा. त्याच्या मजकुरात आत्मा शरीरात परतत नाही असं स्पष्ट आहे, त्यामुळे कोणाचा न्याय खोळंबत नाही. पाच प्रश्न मिळतात, शवाला तोंड असलं पाहिजे, आणि तुम्ही शत्रू असाल तर शवाने खरंच बोलावं असं बंधन नाही.

पुजाऱ्याने तरीही प्रेत उठवलंच तर? तिसऱ्या आवृत्तीत दैवताच्या आचारसंहितेचा घोर भंग करणाऱ्या क्लेरिकची सगळी शक्ती प्रायश्चित्त होईपर्यंत जायची. पाचव्या आवृत्तीत तसा नियम नाही. डीएमने ऐन लढाईत स्लॉट हिसकावले तर खेळाडूला ती शिक्षा देवाची न वाटता डीएमची वाटते. नाराजी दाखवायला दुसऱ्या जागा आहेत. ऑग्युरी या शकुन पाहण्याच्या स्पेलला अपशकुन येऊ शकतो. केलेमव्होरच्या मंदिरातले लोक बोलेनासे होतात. डिव्हाइन इंटरव्हेन्शन दहाव्या लेव्हलला मिळतं आणि शतमान फाशावर लेव्हलइतका किंवा कमी आकडा लागतो. फासा लागलाच, तर मदतीचं रूप डीएम ठरवतो, आणि तिथे मदतीसोबत आदेशही येऊ शकतो: जे उठवलंस ते आधी पुर.