घरी रेशीम अळ्या वाढवताय? ठाण्याच्या हवेत या चुका टाळा

बिअर्डेड ड्रॅगन हा पाळीव सरडा घरी आला की सहा महिन्यांत माणूस परदेशी व्हिडिओंमधल्या त्या निळसर-हिरव्या, गुबगुबीत हॉर्नवर्मच्या, म्हणजे सरड्याला खायला घालायच्या अळीच्या, प्रेमात पडतो. मग मला फोन येतात: "दादा, ठाण्यात कुठे मिळेल?" मिळत नाही, आणि कुणी चोरून देत असेल तर घेऊ नका. ही अळी अमेरिका खंडातली, तंबाखू-टोमॅटोच्या कुळावर जगणारी. आपल्याकडे ही दोन्ही पिकं होतात. असली कीड बाहेरून येऊ नये म्हणून देशात १९१४ पासून कायदा आहे, आणि तो योग्यच आहे.

मग काही जण त्याहून मोठी चूक करतात. सोसायटीच्या बागेत तगरीवर किंवा कण्हेरीवर शेपटाला शिंग असलेली, डोक्यामागे निळे डोळे काढल्यासारखी जाडजूड हिरवी अळी दिसते. "हीच की ती!" म्हणून उचलून सरड्यापुढे टाकतात. ही आपल्याकडच्या एका पतंगाची अळी आहे, पण कण्हेर हृदयावर परिणाम करणारं विष आहे आणि अळीच्या पोटात तोच पाला भरलेला असतो. टोमॅटो-वांग्यावरच्या अळ्यांचंही तेच. परदेशात हॉर्नवर्म वाढवतात तेही पानांवर नाही, गव्हाच्या अंकुराच्या भुकटीपासून शिजवलेल्या खाद्यावर, कारण तंबाखू-टोमॅटोच्या पानांवर वाढलेली अळी सरड्याला चालत नाही.

तिच्याऐवजी आपल्याकडे रेशीम अळी आहे. तशीच मऊ, संथ, ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणी, चरबी नावापुरती. गेली पाच वर्षं मी घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये बंड्यासाठी (बंड्या म्हणजे आमचा ड्रॅगन) त्या वाढवतोय. अळ्या मेल्या तेव्हा जवळजवळ दर वेळी कारण दोनांपैकी एक निघालं: पानावरचं पाणी, नाहीतर हवेतलं विष.

पहिली चूक हिशेबाची

एका मादीने घातलेल्या अंड्यांना अंडीपुंज म्हणतात. त्यात चारशे-पाचशे अंडी असतात. शेतकरी शंभर अंडीपुंजांची बॅच घेतो, त्यामुळे ओळखीतून मागितलं तर तो हसत हसत एक पुंज देऊन टाकतो. नवखा माणूस खूश होतो. अंड्यातून निघालेली अळी मुंगीएवढी, आठवडाभर तर एक कोवळं पान चिरून टाकलं तरी उरतं. तिथेच माणूस फसतो.

एक अळी जन्मभरात साधारण वीस-पंचवीस ग्रॅम तुतीचा पाला खाते, म्हणजे शंभर अळ्यांना दोन-अडीच किलो. यातला ऐंशी टक्के पाला ती शेवटच्या सात-आठ दिवसांत, म्हणजे चौथ्यांदा कात टाकल्यानंतरच्या पाचव्या अवस्थेत संपवते. चारशे अळ्या ठेवल्यात तर त्या आठवड्यात रोज किलोभर तुती लागेल. माझ्या पहिल्या बॅचला मी गेटजवळचं तुतीचं झाड पार उघडं केलं होतं, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो विषय निघाला. आता मी ऐंशीच ठेवतो. बाकीच्या लहानपणीच मित्रांना वाटतो, खारघरच्या एकाच्या तीन लेपर्ड गेकोंना (हेही पाळीव सरडेच) त्या मापाच्याच लागतात.

पावसाळ्यात तुतीची पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची काडी कुंडीत खोचली की फुटते. अळ्या मात्र झाड वाढल्यावरच आणा, आधी नाही.

पाणी

जुलैत ठाण्यात कोरडं पान मिळत नाही. ओलं पान घातलं की अळी ते खाते, दोन दिवस काही होत नाही, आणि मग ट्रेमधून वास यायला लागतो.

अळी मेली की कशी मेली ते आधी नीट बघा, उपाय त्यावरच ठरतो. लिबलिबीत, काळपट, शेण पातळ झालेलं आणि कुजका वास असेल तर ती फ्लॅचरी. ओला किंवा शिळा पाला, गर्दी आणि कोंडलेली हवा ही तिची कारणं. अंगाचे सांधे सुजलेत, अळी ट्रेच्या कडेकडेने अस्वस्थ फिरतेय आणि बोट लागताच कातडी फुटून दुधासारखं पाणी येतंय तर ती ग्रासरी, विषाणूचा रोग. ते पाणी ज्या अळीला लागेल तिलाही रोग होतो, म्हणून ती अळी चिमट्याने उचलून ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात टाका आणि हात धुतल्याशिवाय दुसऱ्या ट्रेला शिवू नका. आणि मेलेली अळी दिवसभरात खडूसारखी कडक, पांढरी झाली तर ती बुरशी, मस्कार्डिन. ट्रेमधला ओलावा तिला पोसतो.

यातली कुठलीही आजारी अळी "फुकट कशाला घालवायची" म्हणून सरड्याला घालू नका.

पावसाळ्यात मी पानं जुन्या सुती साडीवर एकेक पसरून पंख्याखाली ठेवतो. पान गालाला लावून बघायचं; गार-ओलं लागलं तर अजून नाही. मग पिशवीत घालून फ्रिजमध्ये. फ्रिजमधून काढलेल्या पानावर दव धरतं, तेही पुसायचं. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण माझ्या पहिल्या दोन पावसाळी बॅच यातच गेल्या.

झाकणाच्या प्लास्टिक डब्याचा मोह इथेच नडतो. पहिल्या दोन अवस्थांत, ज्याला शेतकरी चॉकी म्हणतात, झाकण चालतं, कारण कोवळं पान सुकायला नको असतं. तिसऱ्या अवस्थेपासून मात्र डबा उघडा हवा. झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले की समजा तुम्ही उशीर केलाय. खालची विष्ठा आणि उरलेला पाला रोज काढा. जाळीवर नवीन पान ठेवलं की अळ्या आपोआप वर येतात, जाळी उचलायची, खालचं फेकायचं.

धूर, वास, खडू

शेतकऱ्यापेक्षा फ्लॅटमधल्या माणसाला याचा फटका जास्त बसतो. रेशीम अळी माणसाच्या घरात हजारो वर्षं वाढली आहे, विषाशी झगडण्याची तिला सवयच नाही.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये संध्याकाळी सातच्या सुमारास खाली डासांसाठी धुराची फवारणी झाली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, खिडकी उघडी. मी दहा मिनिटांत खिडकी लावली, पंखा लावला आणि विसरून गेलो. रात्री साडेनऊला पाला घालायला गेलो तर सगळ्या अळ्या डोकी इकडेतिकडे फेकत होत्या. काही इंग्रजी सी अक्षरासारख्या वळल्या होत्या, तोंडातून हिरवं पाणी. सकाळी आखडून अर्ध्या लांबीच्या झालेल्या एकशे साठ अळ्या मी पिशवीत भरल्या. आई दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "निदान बंड्याला तरी घातल्या नाहीस." घालायच्या नसतातच. विषाने मेलेली अळी म्हणजे तेच विष सरड्याच्या पोटात.

ही लक्षणं एकदा बघितली की रोगाशी गल्लत होत नाही. रोग दिवस घेतो आणि एकेक अळी जाते, विषबाधा काही तासांत सगळ्या ट्रेला होते.

तेव्हापासून डेंग्यूच्या दिवसांत ट्रे मागच्या खोलीत, खिडकी बंद. त्या खोलीत डासांची कॉइल नाही, प्लगमधलं मशीन नाही, कपाटात डांबरगोळ्या नाहीत. आमच्या मावशींना मी सांगून ठेवलंय की तिथली फरशी नुसत्या पाण्याने पुसा. तंबाखू मळलेल्या हाताने पाला तोडू नये, हे मला शेतकऱ्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. कुत्र्याला गोचिडांचं औषध लावलं असेल तर त्या हातानेही नाही.

मुंग्या आल्या की लोक मुंग्यांचा खडू ट्रेभोवती ओढतात. तो खडू म्हणजे कीटकनाशकच, मग अळ्या वाचवताय की मारताय? टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाटीत ठेवा आणि टेबल भिंतीपासून चार बोटं लांब सरकवा. मुंग्या येत नाहीत. भिंतीवरची पालही येत नाही, जी एका रात्रीत डझनभर अळ्या सहज संपवते.

पाला नवीन ठिकाणचा असेल तर आधी पाचच अळ्यांना घालून एक दिवस थांबा. बागेत कधी फवारलं हे माळीदादांनाही दर वेळी आठवत नाही. घोडबंदर किंवा सायन-पनवेल रस्त्याच्या कडेचा धुळीने माखलेला पाला तर घेऊच नका.

आजारी नाही, कात टाकतेय

अळी खाणं बंद करून डोकं वर धरून दगडासारखी बसली की नवखे घाबरून तिला ढोसतात. ती कात टाकतेय. जन्मभरात चार वेळा, दर वेळी साधारण एक दिवस. तिला हात लावू नका, पाणी शिंपडू नका, नवीन पाला घालू नका. ट्रेवर विरलेल्या चुन्याची हलकी भुकटी भुरभुरा म्हणजे खालचा थर कोरडा राहतो. सगळ्या उठल्यावरच पाला.

मे महिन्यात बॅच लावू नका. अळीला पंचवीस-सव्वीस अंश मानवतं, आपल्याकडे दुपारी घरातच तेहतीस असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सोन्याचे.

खायला घालताना

"रेशीम अळीत कॅल्शियम भरपूर, वर पावडर नको," हे मला दुकानदारानेही सांगितलं होतं. चूक आहे. तिच्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या दहापटीहून जास्त आहे, तेव्हा कॅल्शियमची पावडर लागतेच. आणि सगळं जेवण तिचंच नको. पाणी इतकं की नुसत्या अळ्यांवर शेण पातळ होतं. आम्ही आठवड्यातून दोनदा देतो, बाकी डुबिया झुरळं आणि हिरवा पाला.

माप सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढं. पाचव्या अवस्थेतली सात सेंटिमीटरची अळी पिल्लाला देऊ नका, आणि कोष तर कुणालाच नको. तो कापून आतला प्यूपा, म्हणजे पतंग होण्याआधीचा जीव, काढून द्या.

पुढची पिढी

अळी पिवळसर, पारदर्शक दिसायला लागली आणि पाला सोडून भटकू लागली की तिला अंड्यांच्या पुठ्ठ्यात सोडा, ती कोष विणते. दोनेक आठवड्यांत पतंग. ते काही खात नाहीत, साखरपाणी ठेवू नका. मादीचं पोट फुगलेलं, नर लहान आणि पंख फडफडवत गोल फिरणारा. कागदावर सोडा, मादी अंडी घालते.

आपल्याकडे पांढऱ्या कोषाच्या जाती जास्त. त्यांची अंडी पिवळी पडतात आणि तीन-चार दिवसांत करडी होतात, मग महिनोन् महिने काहीच होत नाही. "मेली" म्हणून लोक फेकून देतात. मेलेली नाहीत, झोपलेली आहेत. जी पिवळीच राहून खळगा पडून चपटतात ती फुकट गेलेली. करडी अंडी महिनाभर बाहेर ठेवा, मग तीन महिने फ्रिजमध्ये, पाच अंशांच्या आसपास. बाहेर काढल्यावर दहा-बारा दिवसांत अळ्या निघतात.

दोन-तीन पिढ्यांनंतर मात्र अंडी बाहेरून नवीन आणा. पेब्रिन नावाचा रोग आईकडून अंड्यात उतरतो. १८६५ नंतर लुई पाश्चरने फ्रान्समध्ये यावरच काम केलं आणि मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची पद्धत बसवली. सरकारी अंडीपुंज केंद्रांत ती तपासणी आजही होते, आपल्या घरात होत नाही.

आणि फ्रिजमधल्या डबीवर मोठ्या अक्षरात लिहा. मी लिहिलं नव्हतं. अंडी आकाराने हुबेहूब खसखशीसारखी दिसतात, आणि दिवाळीच्या आठवड्यात आईने अनारशांसाठी ती डबी बाहेर काढून ठेवली होती.