एकाच पॉडमध्ये दोन कंटेनर: कुबर्नेटिसवर कसे चालवावेत

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी हळदीच्या दराचे पान कुबर्नेटिसवर, म्हणजे कंटेनर चालवून सांभाळणाऱ्या प्रणालीवर, चालवायचे आहे, असे धरू. कंटेनर म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारे सारे यांचे बंद पाकीट. एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा कंटेनर पान दाखवतो, दुसरा कंटेनर दर पाच मिनिटांनी ते पान नव्याने लिहितो. दोघांना एकच फोल्डर लागते, म्हणून दोघे एका पॉडमध्ये, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरच्या गटात. पॉड म्हणजे शेंगच: टरफल एक, दाणे दोन.

सौद्यांचा डेटाबेस मात्र या शेंगेत कोंबू नका. उद्या पॉडच्या दोन प्रती केल्या की डेटाबेसही दोन होतात. सकाळचा सौदा एकीत, दुपारचा दुसरीत. बहुतेक घोळ इथेच होतो.

सरावाला मिनीक्यूब, म्हणजे आपल्याच संगणकावर चालणारे छोटे कुबर्नेटिस, पुरते: 2 सीपीयू, 2 जीबी मोकळी मेमरी, 20 जीबी डिस्क. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे दिल्यात, टाइप रोमनमध्येच करा. आधी ‘मिनीक्यूब स्टार्ट’. मग आपल्या इमेजला (कंटेनर ज्यातून तयार होतो तो साचा) 1.0 असा टॅग, म्हणजे आवृत्तीचे नाव, देऊन ती ‘मिनीक्यूब इमेज लोड’ने आत न्या. टॅग ‘लेटेस्ट’ असला तर कुबर्नेटिस दर वेळी बाहेरच्या रजिस्ट्रीत, म्हणजे इमेजच्या कोठारात, इमेज शोधते, आणि ती न मिळाल्याचा ‘इमेजपुलबॅकऑफ’ दोष दिसतो.

आता यामल फाइल, म्हणजे काय चालवायचे ते कुबर्नेटिसला सांगणारी मजकूर फाइल. प्रकार डिप्लॉयमेंट (पॉडच्या प्रती सांभाळणारा), रेप्लिका, म्हणजे प्रती, 2. आपले पॉड ओळखणाऱ्या सिलेक्टरमधले लेबल टेम्प्लेटमधल्या, म्हणजे पॉडच्या नमुन्यातल्या, लेबलशी तंतोतंत जुळले पाहिजे. टॅब चालत नाही, स्पेसच द्या. ‘एम्प्टीडिर’ व्हॉल्यूम, म्हणजे सुरुवातीला रिकामे असलेले सामायिक फोल्डर, दोन्ही कंटेनरना जोडा. एनजिनएक्समध्ये तो एचटीएमएल फोल्डरवर बसतो आणि मूळ पान झाकून टाकतो, त्यामुळे पहिले पान लिहिले जाईपर्यंत ब्राउझरमध्ये 403 (परवानगी नाही) हा दोष येतो. घाबरू नका, मिनिटभर थांबा. दोन्ही कंटेनरचा आयपी पत्ता एकच असतो. दोघांनी 80 पोर्ट मागितला तर एक पडणारच.

‘क्यूबसीटीएल’ या कुबर्नेटिसला आज्ञा देण्याच्या साधनाने ‘क्यूबसीटीएल अप्लाय’ करून ती फाइल लागू करा, मग ‘गेट पॉड्स’. रेडीच्या रकान्यात 2/2, म्हणजे दोन्ही कंटेनर तयार, असे हवे. 1/2 दिसले तर पडलेल्या कंटेनरचे नाव ‘-सी’पुढे देऊन ‘लॉग्ज’ला ‘प्रीव्हियस’ जोडा. मरण्याआधीचे शेवटचे शब्द तिथेच सापडतात. कंटेनर वारंवार पडत असल्याच्या ‘क्रॅशलूपबॅकऑफ’ स्थितीत पुन्हा सुरू होण्याची वाट 10, 20, 40 सेकंद अशी दुप्पट होत 5 मिनिटांवर जाते. ‘ओओएमकिल्ड’ आणि कोड 137 म्हणजे मेमरीची मर्यादा अपुरी पडली.

बाहेरून पाहायला नोडपोर्ट सर्व्हिस, म्हणजे पॉडपर्यंत बाहेरून पोहोचवणारे दार, तयार करा. पोर्ट 30000 ते 32767 मधला मिळतो. नवी इमेज बिघडली, तर ‘रोलआउट अनडू’ने जुनी आवृत्ती परत येते.