जबडा वाजतो, दुखतो, अडकतो: घरी काय करायचं आणि डॉक्टरकडे कधी पळायचं

कानाच्या भोकापुढे जो छोटा उंचवटा असतो ना, त्याच्या जरा पुढे दोन्ही बाजूंना एकेक बोट ठेवा आणि हळूहळू तोंड उघडा. बोटाखाली काहीतरी पुढे सरकल्यासारखं लागेल, तोच जबड्याचा सांधा, डॉक्टर लोक ज्याला टीएमजे म्हणतात तो. हा सांधा जरा विचित्रच आहे, तोंड थोडं उघडेपर्यंत जागच्या जागी फिरतो आणि आणखी उघडलं की पुढे घसरतो, आणि हे दोन्ही बाजूंना एकाच वेळी व्हावं लागतं कारण खालचं हाड एकच. हाडाच्या आणि खोबणीच्या मधे एक छोटी चकती असते. ती पुढे निसटलेली असली की तोंड उघडताना हाड तिच्यावर चढतं आणि कट्ट असा आवाज येतो. कधी चढतच नाही, मग तोंड अर्धवट उघडून अडकतं.

आता महत्त्वाचं, नुसता आवाज येतोय, दुखत नाही, तोंड पूर्ण उघडतंय, तर काही करू नका. खरंच काही नाही. कितीतरी लोकांचा जबडा आयुष्यभर वाजतो आणि त्यांना कसलाही त्रास होत नाही. मुद्दाम वाजवून मात्र बघत बसू नका, ही सवय लई वाईट.

दुखणं असेल तर ते बरेचदा सांध्यापेक्षा स्नायूंचं असतं. गालावर हात ठेवून दाढा घट्ट आवळा, जो गोळा टम्म होतो तो चावायचा मुख्य स्नायू, दुसरा कानशिलावर. दिवसभर लॅपटॉपसमोर किंवा ट्रॅफिकमध्ये नकळत दात आवळून बसलं की हे दोघं संध्याकाळी ठणकायला लागतात, आणि दुखणं कानात, डोक्यात, मानेत कुठेही जाणवतं. म्हणून लोक आधी कानाचे ड्रॉप टाकतात, मग कानाच्या डॉक्टरकडे जातात आणि कान एकदम स्वच्छ निघतो.

घरचे उपाय सुरू करायच्या आधी एक चेक करा. आपलीच मधली तीन बोटं उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. साधारण 40 मिलिमीटर किंवा जास्त तोंड उघडणं नॉर्मल. तीन बोटं जात नसतील आणि गुटखा, सुपारी, खर्रा, मावा यातलं काही चालू असेल (विदर्भातल्या मंडळींनी हे दोनदा वाचा) तर हा सांध्याचा प्रॉब्लेम नसण्याचीच शक्यता जास्त. सुपारीने तोंडाच्या आतली कातडी कडक होते, गालात दोरीसारखे पट्टे लागतात, तिखट खाल्लं की आग होते, आतून पांढरट दिसतं. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे पण पुड्या कुठे मिळतात ते कोणाला सांगायला नको. शेक आणि व्यायाम करत महिने घालवू नका, गुटखा-सुपारी खाणं त्याच दिवशी बंद करा आणि डेंटिस्टला तोंड दाखवा.

अजून काही गोष्टींत थांबायचं नाही. छातीत दाब, घाम आणि जबडा दुखतोय तर तो हार्ट अटॅक असू शकतो, थेट हॉस्पिटल. जखम झाल्यावर काही दिवसांनी जबडा घट्ट बसत चाललाय तर धनुर्वात. पन्नाशीच्या पुढे नवीनच डोकेदुखी, चावताना जबडा थकून दुखणं आणि नजर अंधुक, तर त्याच दिवशी डॉक्टर, उशीर झाला तर डोळा जाऊ शकतो. ताप, सूज, अक्कलदाढेच्या मागे पू, किंवा मार लागलेला असेल तरी दाखवायचंच. आणि जांभई दिल्यावर तोंड उघडंच राहिलं, मिटेना, तर घरच्यांनी ढकलाढकली करू नका, कॅज्युअल्टीत डॉक्टर अंगठे दाढांवर ठेवून खाली दाबून मागे सरकवतात आणि बसतं.

हे काहीच नाही? मग घरचं.

सगळ्यात मोठा उपाय फुकट आहे, दात सुटे ठेवायचे. ओठ मिटलेले असताना वरचे खालचे दात एकमेकांना लागायचं कामच नाही, फक्त चावताना आणि गिळताना काय ते लागतात. ‘न’ म्हणा आणि जीभ जिथे टेकते तिथेच राहू द्या, ओठ मिटा, जबडा सैल सोडा. लक्षात राहत नाही हीच खरी अडचण, म्हणून मॉनिटरच्या कोपऱ्यावर, मोबाईलच्या मागे, गाडीच्या स्टिअरिंगवर एकेक टिकली चिकटवा, दिसली की चेक करायचं दात आवळलेत का. पहिल्या दिवशी बघाल तर दर वेळी आवळलेलेच सापडतील 😅

खाण्यात दोनतीन आठवडे मऊ. वरणभात, खिचडी, उपमा, इडली, भाकरी दुधात नाहीतर आमटीत कुस्करून. चकली, कडक लाडू, ऊस, कणीस, फुटाणे, च्युइंगम बंद. आणि पाणीपुरी पण बंद, मऊ कडकचा प्रश्न नाही, अख्खी पुरी आत घ्यायला जेवढा आ करावा लागतो तो नडतो. वडापाव हाताने तोडून खा. सफरचंदाच्या फोडी करा. पण तोंड बांधून बसू नका हां, हलका वापर चालू पाहिजे नाहीतर सांधा अजून आखडतो.

शेक दिवसातून दोनतीनदा, गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन दहा पंधरा मिनिटं गालावर, मग त्या गोळ्यावर बोटांनी हलका मसाज. अचानक ठणका उठला असेल तर कापडात गुंडाळून बर्फ. व्यायाम एकच नीट करा, आरशासमोर जीभ टाळूला टेकवून ठेवायची आणि ती सुटणार नाही इतकंच तोंड सरळ उघडायचं मिटायचं, सहा वेळा, दिवसातून चारपाचदा. हनुवटी एका बाजूला पळत असेल तर आरशात दिसेल, तिला मध्ये ठेवायचा प्रयत्न करा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ. पालथं झोपणं आणि फोन खांद्यात धरून बोलणं सोडा.

गोळ्या म्हणजे पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, काही दिवसच, आणि अल्सर, किडनी, बीपी, रक्त पातळ करायच्या गोळ्या, गरोदरपण यातलं काही असेल तर विचारल्याशिवाय आयबुप्रोफेन नको. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी पण दात आवळले जातात, तसं वाटलं तर लिहून देणाऱ्या डॉक्टरना सांगा, स्वतः बंद करू नका.

तीनचार आठवड्यांत फरक नाही पडला तर ओरल मेडिसिनवाले (तोंडाच्या आजारांचे डेंटिस्ट) किंवा जबड्याचे सर्जन गाठा. मुंबईत नायर डेंटल, सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारातलं सरकारी डेंटल कॉलेज, तसंच नागपूर आणि संभाजीनगरचं सरकारी डेंटल, इथे हे विभाग आहेत.

तिथे एका गोष्टीवर अडून बसा. 1934 मध्ये जेम्स कॉस्टन नावाच्या अमेरिकन कानाच्या डॉक्टरने या त्रासाचं खापर दातांच्या बाईटवर, म्हणजे वरचे खालचे दात एकमेकांवर कसे बसतात त्यावर फोडलं आणि तेव्हापासून ‘बाईट चुकलाय, दात घासून देतो’ (म्हणजे मशिनने झिजवून) हे जे सुरू झालंय ते अजून पुरतं थांबलेलं नाही. घासलेला दात परत येत नाही. जबड्याच्या जुन्या दुखण्यावर 2023 ची बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमधली गाईडलाईन बघा, जोर आहे तो व्यायाम, फिजिओ आणि समुपदेशनावर, आणि बाईट कायमचा बदलणाऱ्या उपायांना चक्क नाही म्हटलंय. म्हणून कोणी नुसत्या जबडादुखीसाठी दात घासणं, सगळ्या दाढांवर कॅप, नाहीतर थेट ऑपरेशन सुचवलं तर दुसरं मत घ्या, पैसे असतील तरी घ्या. सुईने आत पाणी सोडून सांधा धुणं वगैरे प्रकार अडकलेल्या जबड्यासाठी ठीक आहेत, तेही साधे उपाय करून झाल्यावर.

रात्री दात खात असाल तर नाईट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं कव्हर, मिळेल. तो माप घेऊन बनवलेला कडक ॲक्रिलिकचा घ्या, ऑनलाईन मिळणारे गरम पाण्यात टाकून चावायचे मऊवाले नको, काही लोक ते रात्रभर चघळतातच. तो दात वाचवतो, आवळणं थांबवेलच असं नाही. घोरणंही असेल तर झोपेची तपासणी करायची का ते विचारा. आणि गार्ड थंड पाण्यानेच धुवा, गरम पाण्याने वाकडा होतो, मग बसत नाही.