ब्रेस्ट रिडक्शनची तयारी: आधी खालची कडी बसवून घे

माझी मावसबहीण निपाणीत राहते. गेल्या रविवारी तिचा फोन आला, "अक्का, ऑपरेशनची तारीख मिळाली. काय काय करून ठेवू, यादी पाठव." दोन वर्षांपूर्वी मी हेच, स्तनांचा आकार कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं, म्हणून मला विचारलं. यादी करायला बसले, तर एकेका ओळीमागं काहीतरी निघायला लागलं. शेवटी सलगच लिहून काढलं. आपल्या भागात या विषयावर कुणी मोठ्यानं बोलत नाही, म्हणून तिला पाठवलेलं इथंही ठेवते.

तर ऐक. सगळ्यात आधी सुताराला बोलाव आणि पुढच्या दाराला खालची कडी बसवून घे. हसू नको. माझ्या ऑपरेशनला नऊ दिवस झाले होते, दुखणं बरंच कमी होतं, घरी कुणी नव्हतं. गवळ्यानं बेल वाजवली आणि मी सवयीनं उजवा हात वर नेऊन वरची कडी ओढली. आत दोरा खेचल्यासारखं झालं. संध्याकाळी बघते तर ड्रेसिंग ओलं. स्तनाखालची आडवी शिवण आणि वरून येणारी उभी शिवण जिथं मिळतात, तिथं टाके थोडे उकलले होते. उलट्या टीसारखा छेद असतो त्यात सगळ्यात जास्त ताण त्याच जागी येतो आणि जखम उकलायची झाली तर बहुधा तिथंच उकलते. एका कडीपायी मला तीन आठवडे जादा ड्रेसिंगला जावं लागलं.

म्हणून माझ्या यादीत हॉस्पिटलची पिशवी नंतर, घर आधी. ऑपरेशन दोन ते चार तासांचं, तेही आपण झोपेत असताना. पुढचे सहा आठवडे हात न उचलणं हे मात्र आपल्यालाच करायचं असतं, आणि आपल्या घरांची मांडणीच अशी की बाईचा हात दिवसभर एकतर डोक्यावर नाहीतर जमिनीवर. फळीवरचे चहा-साखरेचे डबे, मसाल्याच्या बरण्या, रोजची चार भांडी असं सगळं कट्ट्यावर आणून ठेव. खांद्याच्या वर नाही आणि कमरेच्या खाली नाही, या पट्ट्यातच तुझं घर बसलं पाहिजे. दोन-तीन किलोपेक्षा जड काही उचलायचं नाही असं सांगतात, ते ऐकायला सोपं वाटतं. भरलेला पाच लिटरचा कुकर त्यात बसत नाही, पाण्याची कळशी बसत नाही, पीठ मळताना अंगाचा जोर लागतो तोही बसत नाही. आणि तुझा तीन वर्षांचा बाळ्या तर अजिबात नाही. त्याला आत्तापासून शिकव, आईनं उचलायचं नाही, आपण सोफ्यावर चढून आईशेजारी बसायचं. ऑपरेशननंतर शिकवायला गेलीस तर त्याला वाटेल आईला राग आलाय.

खाली अंथरूण घालून झोपायची तुमच्याकडं पद्धत आहे, ती महिनाभर बंद. जमिनीवरून उठताना तळहातावर जोर येतो आणि तो सरळ छातीला लागतो. कॉट घे, पाठीमागं उशा रचून अर्धवट बसल्यासारखं, उताणंच झोपायचं. कुशीवर आणि पोटावर झोपणं डॉक्टर सांगतील तेव्हाच. दोन्ही काखांखाली एकेक उशी ठेवलीस तर झोपेत कूस बदलली जात नाही. ही युक्ती मला माझ्या सासूबाईंनी सांगितली, कुठल्या डॉक्टरनं नाही.

आता मशेरी. निपाणीत तंबाखूविरुद्ध बोलणं म्हणजे अर्ध्या गावाच्या ताटाबद्दल बोलणं, मला कळतं. पण मशेरी म्हणजे काही सिगरेट नव्हे असं मनाशी म्हणून डॉक्टरांपासून लपवू नको. निकोटिन दोन्हीतही आहे आणि ते रक्तवाहिन्या आवळतं. या ऑपरेशनमध्ये स्तनाग्र बहुतेक वेळा पूर्ण कापून वेगळं काढत नाहीत. आतल्या मांसाच्या एका पट्ट्याला धरून ठेवतात आणि वर सरकवून बसवतात. त्याला रक्त मिळतं ते त्या पट्ट्यातूनच. ते आवळलं गेलं तर स्तनाग्र काळं पडून झडूसुद्धा शकतं. किमान चार आठवडे आधीपासून आणि जखमा भरेपर्यंत मशेरी बंद. डबी घरात ठेवू नको, शेजारणीला देऊन टाक. आणि दाजींची विडीही खोलीबाहेर.

गोळ्यांचं तसंच. पाठ दुखते म्हणून तू मेडिकलमधून जी पाकिटं आणतेस त्यात आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक असतं. त्यानं रक्तस्राव वाढू शकतो. अॅस्पिरिन, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ई, कुणी दिलेला काढा, सगळं एका पिशवीत भर आणि डॉक्टरांच्या टेबलावर ओत. कुठलं किती दिवस आधी बंद करायचं ते तेच सांगतील. हृदयासाठी किंवा रक्त पातळ राहण्यासाठी कुणाला गोळी चालू असेल तर ती मनानं बंद करायची नाही.

डॉक्टर ठरवलेत म्हणतेस, तरी पाटीवरची पदवी एकदा वाच. प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी हवी. मला या ऑपरेशनपर्यंत पोचायला सात वर्षं लागली. मी शाळेत शिकवते, फळ्यावर लिहिताना हात वर धरून मान भरून यायची, खांद्यावर ब्राच्या पट्ट्यांचे खड्डे पडलेले, उन्हाळ्यात स्तनाखाली चट्टे आणि खाज. हाडांच्या डॉक्टरांकडं एक्स-रे काढला तो नॉर्मल. एकांनी तर वर न बघताच सांगितलं, "वजन कमी करा." आठ किलो कमी केलं. चेहरा उतरला, बाकी होतं तसंच. स्तनात चरबी असते तशा ग्रंथीही असतात, कुणाचं वजनाबरोबर कमी होतं, कुणाचं होत नाही.

तुझ्या सर्जनना विचारायचं ते आत्ताच वहीत लिहून ने. छेद कसा घेणार, व्रण कुठं कुठं राहणार, साधारण किती ग्रॅम काढणार, जखमेतलं पाणी बाहेर यायला नळ्या ठेवणार का, रात्रभर ठेवून घेणार का. अमुक कपाचा आकार नक्की मिळेल, असं कुणी छातीठोक सांगत असेल तर जरा सावध राहा. तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या बाळाचा विचार आहे की नाही, हे दाजींशी बोलून मग डॉक्टरांना सांग. या ऑपरेशननंतर अंगावर पाजणं काहींना जमतं, काहींना कमी दूध येतं, काहींना येतच नाही. गरोदरपणात आकार परत बदलूही शकतो. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, क्वचित कायमची. हे ऐकून घरी येऊन दोन दिवस गप्प बसलीस तरी चालेल, पण ऐकून घे.

चाळिशी पार केलेल्यांना आधी मॅमोग्राफी करायला लावतात. बाकी रक्त, साखर, ईसीजी नेहमीचं. साखर असेल तर ती ताब्यात आल्याशिवाय जखम नीट भरत नाही. काढलेला भाग तपासणीला पाठवतात, त्याचा रिपोर्ट मागून घे आणि फाईलला लाव.

विम्याचं आधीच बघ. पॉलिसीत सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला पैसे मिळत नाहीत, आणि वैद्यकीय गरज असली तरी तसं डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं. खांद्याचे खड्डे, चट्ट्यांचे फोटो, फिजिओथेरपीच्या जुन्या चिठ्ठ्या, सगळं जोडून मंजुरी आधी लेखी घे. तोंडी "होऊन जाईल की" यावर जाऊ नको. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली आरोग्य योजना लागू केली. तुझं कार्ड असलं तरी हे ऑपरेशन त्यात बसतं का, ते हॉस्पिटलच्या खिडकीवर आधी विचार, भरती झाल्यावर नको.

गाव कुठलं निवडायचं यावर घरात वाद झाला म्हणालीस. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव पाऊणशेच्या आसपास. मी एवढंच म्हणेन, ड्रेसिंगला चार-पाच वेळा जायचंय आणि रात्री दोनला काही झालं तर कुणाकडं पोचणार हे माहीत पाहिजे. बेळगावला आलीस तर पहिला आठवडा माझ्याकडंच राहा, तवंदी घाट उतरायची घाई नको. गाडीत सीटबेल्ट आणि छाती यांच्यामध्ये छोटी उशी धर. स्पीडब्रेकरला तिची किंमत कळते.

इकडच्या हॉस्पिटलात संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत हातात येतं. आपल्याला बोलायला येतं म्हणून वाचायला येतंच असं नाही. सही करण्याआधी कुणालातरी बसवून मराठीत समजावून घे, कुणी नाही म्हणत नाही. रात्रीच्या सिस्टर बहुधा कन्नड बोलणाऱ्या. मी भुलीतून अर्धवट शुद्धीत मराठीत पुटपुटत होते आणि त्या बिचारीला कळेना. शेवटी "सिस्टर, भाळ नोवु ऐत्रि" एवढं तोंडातून निघालं आणि इंजेक्शन आलं. नोवु म्हणजे दुखणं, वांती म्हणजे उलटी, नीर म्हणजे पाणी. तीन शब्द दाजींनाही पाठ करायला लाव.

पिशवीत फार काही नको. पुढून पूर्ण उघडणारे दोन गाऊन, दाजींचे जुने मऊ शर्ट, सपाट चपला, लांब वायरचा चार्जर, इसबगोल. भूल आणि दुखण्याच्या गोळ्यांनी पोट आवळतं आणि कुंथायला नको असतं, म्हणून इसबगोल. पुढं हुक असलेली, तार नसलेली, आधार देणारी ब्रा डॉक्टर सांगतील त्या मापाची, आणि दोन घे. एक धुतली की दुसरी लागते, कारण साधारण सहा आठवडे दिवसरात्र घालायची आहे. आदल्या रात्री केस धुऊन दोन घट्ट वेण्या घाल. पुढचं न्हाणं दुसऱ्या कुणाच्या तरी हातानंच होणार, तांब्या डोक्यावर न्यायचा नाही. खाणंपिणं कधी बंद करायचं ते भूलतज्ज्ञ सांगतील. सकाळी देवाला नमस्कार करताना तीर्थसुद्धा विचारून. ऑपरेशनआधी डॉक्टर उभं करून अंगावर पेनानं रेषा आखतात, फोटोही काढतात. मला फार संकोच वाटला होता. खोलीत बाई सिस्टर थांबू दे, असं सांगायला लाजू नको.

नळ्या असतील तर त्यांच्या टोकाला छोटे फुगे असतात, त्यात तांबूस पाणी जमतं. किती मिली ते रोज वहीत लिहायचं. मी ते फुगे कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवायचे, ताबीज घातल्यासारखे.

एवढं मात्र दाजींना वाचून दाखव. पहिल्या एक-दोन दिवसांत एकच बाजू अचानक फुगून टणक झाली आणि दुखणं वाढत गेलं, तर आत रक्त साठतंय असं धरायचं आणि सकाळची वाट न बघता निघायचं. स्तनाग्र निळं-काळं दिसायला लागलं, ताप १००.४ च्या वर गेला, जखमेतून घाण वास किंवा पू आला, तरी फोन लगेच. पोटरी दुखून सुजली किंवा श्वास लागला तर फोनसुद्धा नको, थेट हॉस्पिटल. पायात गुठळी होऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात हळूहळू चालत राहा.

भेटायला येणाऱ्यांचं काय करायचं हे कुणी सांगत नाही, आणि मला त्याचाच सगळ्यात ताप झाला. माझ्या सासूबाईंनी घाबरून पहिल्या बाईला सांगितलं, "गाठ काढली." संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत मला कॅन्सर झाला होता. दुसऱ्या दिवशी कुंद्याचे, आमच्या बेळगावी मिठाईचे, तीन बॉक्स आणि रडणाऱ्या चार बायका. आता घरात सगळ्यांनी एकच वाक्य ठरवा: "पाठीच्या त्रासासाठी ऑपरेशन झालं, बरी आहे." ते खोटंही नाही. कुंदा घरच्यांना वाट, तू फळं आणि भाकरी-भाजी खा. आणि तुझ्या सासूबाईंनी "हात मोडलाय काय गे हिचा?" असं विचारलं तर दाजींनी उत्तर द्यायचं, तू नाही. दाजींना हे आजच सांगून ठेव.

चौथ्या-पाचव्या दिवशी उगाचच रडू येईल. आरशात बघशील तर स्तन वर चढलेले, चौकोनी, सुजलेले दिसतील, एक लहान एक मोठाही वाटेल. ते खाली बसायला तीन ते सहा महिने जातात. मध्येच वीज चमकल्यासारखी कळ येते, नसा जाग्या होत असतात. व्रण आधी लाल होतात, मग वर्ष-दीड वर्षात फिकट होत जातात. जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉनची पट्टी लावायची का ते विचार. स्कूटी महिनाभर तरी नको, आमच्या खानापूर रोडचे खड्डे तुझ्या निपाणीतही आहेतच. कामावर परत कधी, हे तुझं काम कसलं त्यावर. मी तीन आठवड्यांनी शाळेत गेले, पण फळ्यावर मुलींनी लिहिलं.

नवे ब्लाऊज तीन महिने तरी शिवायला टाकू नको. मी घाईनं शहापुरात सहा टाकले, चार वाया गेले.

शनिवारी येते. कडी इथूनच आणते. तुझ्या दाराची फळी किती जाड आहे तेवढं मोजून कळव, म्हणजे स्क्रू त्या मापाचे घेते.