कॉन्व्हेंटच्या पालकांनो, शाळेच्या सणाला या चुका टाळा

मिशनऱ्यांच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून आपण जिवाचं रान करतो. प्रवेश मिळाला की पेढे वाटतो. मग शाळेशी नातं उरतं ते फी आणि तक्रारींपुरतं.

सर्वांत मोठी चूक म्हणजे शाळेचा फीस्ट, म्हणजे शाळेच्या संताचा सण, आला की ‘आज अभ्यास नाही’ म्हणून मुलाला घरी ठेवणं. डॉन बॉस्कोच्या शाळांत हा दिवस 31 जानेवारीला असतो, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या शाळांत संत इग्नेशियसचा 31 जुलैला, तर संत फ्रान्सिस झेवियरचा 3 डिसेंबरला. डॉन बॉस्को हे इटलीतले धर्मगुरू, 1888 मध्ये तुरीनला वारले. रस्त्यावरच्या पोरांना त्यांनी जवळ केलं आणि शिक्षेच्या धाकाऐवजी समजूत, श्रद्धा आणि माया यांवर शाळा उभ्या केल्या. एवढं आदल्या रात्री मुलाला सांगायला पाच मिनिटं पुरतात.

दुसरी चूक मी स्वतः केली. मुलीच्या डायरीत सूचना होती: ‘सजावटीसाठी सकाळी सात वाजता दोन पालक हवेत.’ मी महागड्या चॉकलेटचे दोन डबे पाठवून मोकळी झाले. पुढच्या वर्षी मात्र गेले. सुतळीला पताका कशा बांधायच्या, म्हणजे वाऱ्याने एका कडेला सरकत नाहीत, हे शिपाईमामांनी दाखवलं. प्रत्येक पताकेच्या दोन्ही टोकांना वेगळी गाठ! लेक रांगेतून सारखी वर बघत होती. डबे कुणाला मिळाले, हे तिला आजही ठाऊक नाही.

प्रार्थनेवरून मनात शंका असेल तर ती व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. बऱ्याच शाळांत कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या तासाला बसतात, बाकीची मॉरल सायन्सला, म्हणजे नीतिशिक्षणाला. शिवाय राज्यघटनेच्या कलम 28(3) नुसार सरकारमान्य शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलावर धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही. तेव्हा वेळ घेऊन सिस्टरांना भेटा आणि मोकळेपणाने विचारा.

पालक-शिक्षक संघाच्या समितीसाठी नाव द्यायला टाळाटाळ करू नका. कामाची माणसं तिथे नेहमीच कमी पडतात.

आणखी एक चूक मला फार खुपते. कॉन्व्हेंटच्या कार्यक्रमात मराठी कशाला, असं आपणच ठरवून टाकतो. अहो, इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सचं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं, आणि त्यात त्यांनी मराठीचं भरभरून कौतुक केलंय. फीस्टच्या कार्यक्रमात त्यातल्या चार ओव्या मुलांकडून म्हणवून घ्या, असं मराठीच्या टीचरना सुचवून बघा. चाल लावायला एखादी आजी नक्की पुढे येईल.

आभाराचं कार्डही नुसतं ‘थँक यू मिस’वर संपवू नका. कोणत्या दिवशी मिसनी काय केलं, तेवढी एक ओळ मुलाला स्वतःच्या अक्षरात लिहू द्या. आणि एक कार्ड वर्ग झाडणाऱ्या मावशींनाही.