अंड्याच्या ॲलर्जीवर ओरल इम्युनोथेरपी चालू आहे? मग घरातल्या या चुका टाळा

श्रावण लागला की ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदरपर्यंत कितीतरी घरांत अंडं महिनाभर बंद होतं. एरवीही सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी असतेच. मोठ्यांचं त्यात काही अडत नाही. पण घरातल्या मुलाची अंड्याच्या ॲलर्जीवर ओरल इम्युनोथेरपी चालू असेल, तर सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणजे अंड्याबरोबर त्याचा डोसही बंद करण्याची, इथेच होते, आणि तीही कुणाच्या मनात काही वाईट नसताना.

या उपचारात ॲलर्जिस्टच्या देखरेखीखाली अंड्याच्या प्रोटीनचा कणभर डोस रोज द्यायचा असतो. तो वाढवायचा तो दवाखान्यातच, ठरावीक अंतराने. पुढे मेंटेनन्सचा एकच डोस रोज चालू राहतो. हळूहळू मुलाला अंडं सोसायला लागतं, पण हे सोसणं रोजच्या डोसवर टिकून असतं. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात ५ ते ११ वर्षांच्या ४० मुलांना हा उपचार दिला होता. २२ महिन्यांनी त्यातली ७५ टक्के मुलं अंडं खाण्याच्या चाचणीत पास झाली. नंतर काही आठवडे अंडं पूर्ण बंद ठेवून पुन्हा तपासलं, तर पास झाली फक्त २८ टक्के. आता आपला श्रावण किती आठवड्यांचा असतो ते मोजा.

म्हणून हा डोस म्हणजे औषध आहे, हे आजी-आजोबांसकट घरात सगळ्यांना सुरुवातीलाच पटवून द्या. डोसच्या अंड्याच्या पावडरचा डबा देवघरापासून आणि रोजच्या भांड्यांपासून लांब ठेवा, हवं तर वाटी-चमचाही वेगळा. आमच्याकडे हा प्रश्न एका वेगळ्या कप्प्यावर सुटला. घरात कुणी ऐकणारच नसेल तर उपचार सुरू करायच्या आधीच डॉक्टरांना तसं सांगा. अर्ध्यात सोडण्यापेक्षा सुरू न केलेलं बरं.

आणि खंड पडलाच तर? एखादा दिवस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट डोस कधीच द्यायचा नाही. सलग काही दिवस चुकले असतील तर जुना डोस घरी परत सुरू करू नका, आधी फोन करा. बहुतेकदा डोस कमी करतात, कधी पहिला डोस दवाखान्यात बसवून देतात. किती दिवसांनंतर काय करायचं, हे प्रत्येकाने आपल्या डॉक्टरकडून आधीच कागदावर लिहून घ्यावं. डोस घेतल्यावर मुलाने उलटी केली तरी तो पुन्हा भरवायचा नाही.

मोजमापातली चूक तर दिसतही नाही. अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या पावडरीत प्रोटीन साधारण ८० टक्के असतं. म्हणजे १०० मिलिग्रॅम पावडर आणि १०० मिलिग्रॅम प्रोटीन हे दोन वेगळे डोस झाले. चिठ्ठीवर नुसतंच ‘१०० मिग्रॅ’ लिहिलं असेल तर कशाचे, ते विचारा. स्वयंपाकघरातला वजनकाटा ग्रॅमच्या खालचं मोजत नाही, त्यामुळे तो इथे कुचकामी. आणि आपल्याकडचा जुलै! डबा दोनदा उघडला की पावडरीच्या गुठळ्या. चमचाभर गुठळी आणि चमचाभर मोकळी पावडर सारखी भरत नाही. सुट्टी पावडर घट्ट झाकणाच्या लहान बाटलीत ठेवा, गुठळ्या झाल्या की सरळ नवी आणा.

डोस बरोबर असूनही रिॲक्शन येते तेव्हा बहुतेक वेळा घोळ त्या दिवसात असतो. काल पचलेला डोस आज ताप असताना, रिकाम्या पोटी, रात्रभर झोप न झालेली असताना किंवा डोसनंतर लगेच धावपळ केल्यावर बाधू शकतो. म्हणून खाऊन झाल्यावर डोस, मग साधारण दोन तास क्रिकेट नाही, स्विमिंग नाही, गरम पाण्याची आंघोळ नाही आणि झोपही नाही. क्लासला जायच्या घाईत रिक्षात डोस देणारे पालक मी पाहिले आहेत. त्यापेक्षा तो उशिरा दिलेला चालेल. गणपतीत जागरण झालं असेल, किंवा पावसाळ्यातला व्हायरल ताप असेल, तर त्या दिवशी डोसचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा. तापाला आयबुप्रोफेन असलेलं सिरप स्वतःहून देऊ नका, तेही रिॲक्शनला हातभार लावतं. दम्याचा पंप ‘सवय लागेल’ म्हणून बंद करणं तर सरळ धोक्याचं. दमा आटोक्यात नसेल तर चांगले डॉक्टर हा उपचार सुरूच करत नाहीत.

केकमधलं अंडं पचतं म्हणून घरी तव्यावर अंडं घालून धिरडं करून देणं, ही आणखी एक हौशी चूक. भाजलेलं अंडं सोसतं का ते पाहायच्या चाचणीचा मफिन गव्हाच्या पिठात, १८० अंशांवर साधारण अर्धा तास भाजलेला असतो. तव्यावरच्या धिरड्याला तेवढी आच मिळत नाही. अंड्यातलं ओव्हलब्युमिन हे प्रोटीन उष्णतेने बरंचसं मोडतं, पण ओव्होम्युकॉइड हे दुसरं प्रोटीन उष्णतेला दाद देत नाही, म्हणून काही मुलांना उकडलेलं अंडंही बाधतं. पावडर, उकडलेलं, ऑम्लेट, मेयोनीज यांची अदलाबदल आपल्या मनाने करायची नाही. बाहेरही तेच. फ्रँकीच्या पोळीला बऱ्याच ठिकाणी अंड्याचा हात असतो, चायनीजच्या गाडीवर कढई एकच असते, आणि बेकरीत एगलेस केक कापायला सुरी तीच.

ॲड्रेनालिनबाबत, म्हणजे गंभीर रिॲक्शनवरच्या इंजेक्शनबाबत, मात्र संकोच नको. अंगावर गांधी उठल्या आणि सोबत खोकला, घरघर, बसलेला आवाज, पुन्हा पुन्हा उलट्या किंवा मूल मलूल होणं यातलं काही दिसलं, तर आधी ॲड्रेनालिन, मग १०८ला फोन. सेट्रिझिनसारख्या ॲलर्जीच्या औषधाने खाज थांबते, श्वासाचा त्रास नाही. घोडबंदर रोडवर संध्याकाळी सातला ‘दहा मिनिटांत हॉस्पिटल गाठू’ असं तर कुणीच म्हणू नये. आपल्याकडे ऑटो-इंजेक्टर, म्हणजे मात्रा आधीच भरलेलं इंजेक्शनचं पेन, सहज मिळत नाही, त्यामुळे बरेच डॉक्टर अँप्यूल (औषधाची काचेची छोटी कुपी) आणि सिरिंज देतात. मात्रा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलीत १ मिलिग्रॅम असलेल्या अँप्यूलमधून २० किलोच्या मुलाला ०.२ मिली. आपल्या मुलाचा आकडा डॉक्टरांकडून मिलीत लिहून घ्या आणि डब्यावर चिकटवा. वजन वाढलं की बदला. इन्सुलिनची सिरिंज घेऊ नका, तिची सुई आखूड असते आणि औषध स्नायूपर्यंत पोचत नाही. टोचायचं मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध. मुलाला आडवं ठेवा, धाप लागली असेल तर बसवा, चालवत नेऊ नका. बरं वाटलं तरी हॉस्पिटलात काही तास थांबा, लक्षणं परत येऊ शकतात.

डोसनंतर तोंडात थोडी खाज सुटणं नेहमीचं आहे. पण आठवडेच्या आठवडे पोट दुखणं, घास अडकणं, जेवताना सारखं पाणी मागणं हे अन्ननलिकेच्या सुजेचं लक्षण असू शकतं, आणि या उपचारात तो एक माहीत असलेला धोका आहे. अशा वेळी ‘डोस नको म्हणून नाटक करतोय’ हे वाक्य गिळा, आणि कोणत्या दिवशी काय झालं ते लिहून डॉक्टरांपुढे ठेवा.